दहापेक्षा कमी

आमच्या रुग्णालयाच्या नोंदी विभागात माझ्या शेजारच्या टेबलावर चावीताई बसतात. हे नाव मीच ठेवलं आणि त्यांनी ते निमूटपणे चालवून घेतलं. शहरातली तीन रुग्णालयं दर वर्षी मिळून एक मोजदाद करतात: कुठल्या दुर्मीळ आजाराचे सगळे मिळून किती रुग्ण आहेत? त्यांची औषधं सहज मिळत नाहीत आणि ठेवली तर बाद होतात, म्हणून ती एकत्र मागवायची. पण आपल्या रुग्णांची माहिती कोणीच दुसऱ्याला दाखवायची नाही. म्हणून प्रत्येक रुग्णालय नोंदी आपल्याच इमारतीत कुलूपबंद करून पाठवतं आणि संगणक ती कुलपं न उघडताच आतल्या आकड्यांची बेरीज करतो. हे कसं होतं ते ताईंनी मला बऱ्याचदा समजावलंय आणि दर वेळी मी नुसती मान डोलावलीय. बेरीजही कुलपातच येते. ती उघडायला तिन्ही रुग्णालयांच्या चाव्या एकाच वेळी लागतात. आमची चावी म्हणजे एक कार्ड, ते ताईंच्या गळ्यात असतं.

ताई नाकासमोर चालणारी बाई. एखादा रुग्ण बिचकला की त्याला सांगायच्या, "तुमचं नाव आम्ही कोणाला देणार नाही. द्यायचं म्हटलं तरी या मोजणीतून ते निघणारच नाही." हे सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची. मी त्यावरून त्यांना चिडवायचोसुद्धा.

त्या मोजणीतला एक आजार खुद्द ताईंना आहे. जखम झाली की रक्त थांबता थांबत नाही; हिमोफिलिया नव्हे, त्याहूनही विरळा प्रकार. तो वडिलांकडून आला आणि वडील त्यातच गेले. धाकट्या भावालाही तो आहे. पण हा धाकटा तरुणपणी वडिलांशी कडाक्याचं भांडून घराबाहेर पडला, तो पडलाच. ना पत्ता, ना फोन. वडील गेल्याचं त्याला कळलं तरी का, देव जाणे. घरात आता ताई आणि आई, आणि आईच्या तोंडी उठता बसता धाकटा.

गेल्या वर्षीच्या मोजणीला तिन्ही चावीवाले नेहमीसारखे फोनवर आले. "लावू का?" "लावा." कार्डं लागली, आकडे उघडले. त्या आजारापुढे दर वर्षी एक असायचा, म्हणजे ताई स्वतः. या वेळी दोन होते. आमच्याकडे दुसरं कोणी नाही हे ताईंना पक्कं ठाऊक, कारण त्या नोंदी त्यांच्याच हातून जातात. म्हणजे उरलेला माणूस त्या दोन रुग्णालयांपैकी एकात होता.

दुसरंही कोणी असू शकेल, असं मी आपलं म्हणालो.

"ही काय सर्दी आहे?" ताई म्हणाल्या.

त्यांनी सरळ मोठ्या डॉक्टरांचं दार वाजवलं आणि बेरजेतून स्वतःला वजा कसं केलं, ते सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. एवढंच मागितलं, की त्या दोन्ही ठिकाणी विचारा आणि त्याला निरोप द्या. डॉक्टर माणूस वाईट नाही. त्यांनी ताईंना खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, त्याला सापडायचंच नसेल तर?"

हेच तर त्या इतकी वर्षं लोकांना सांगत आल्या होत्या. ताईंनी विषय तिथेच सोडला.

पुढे जे झालं त्याने मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिन्ही रुग्णालयांची बैठक भरली. लहान आकड्यावरून माणूस ओळखता येतो ही चूक ताईंच्या प्रामाणिकपणामुळे लक्षात आली, म्हणून त्यांचे आभार मानले गेले, टाळ्याही वाजल्या. आणि चूक दुरुस्त झाली. यापुढे दहाच्या खालचा आकडा दिसणारच नाही, औषध सरसकट दहा जणांचं येईल. बाईने आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. मी तसं बोलूनही दाखवलं. ताई म्हणाल्या, दुरुस्ती बरोबरच आहे. मला त्यांचाही राग आला.

ताईंनी आईला सगळं सांगितलं होतं. आईला त्यातलं एवढंच कळलं, की तो आहे, आणि दोनपैकी एका ठिकाणी येतो. मग ताई सकाळी कामावर येताना तिला एका रुग्णालयात सोडू लागल्या, आज इथे तर उद्या तिथे. रक्ततपासणीच्या दारासमोरच्या बाकावर म्हातारी डबा मांडीवर घेऊन बसायची. कोणाबरोबर आलात असं पहारेकऱ्याने विचारलं, की मुलगा आत आहे म्हणायची. इतक्या वर्षांनी तो ओळखू येईल का, असं मी एकदा ताईंच्या घरी गेलो तेव्हा तिला विचारलं. "चालीवरून ओळखीन," ती म्हणाली. पण ती इथे असताना तो तिथे येऊन गेला असेल, या धास्तीने तिला घरी गेल्यावर जेवण जात नसे. हिवाळ्यात गुडघ्यांनी दगा दिला आणि बाकावरचं बसणं सुटलं.

काल यंदाची मोजणी झाली. "लावू का?" "लावा." ताईंनी कार्ड लावलं. त्या आजारापुढे अक्षरं उमटली: दहापेक्षा कमी. तेवढ्यात आईचा फोन आला. खोलीत शांतता होती, मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"आहे ना गं तो?"

ताईंना खोटं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. "आहे, आई," त्या म्हणाल्या.

"मग उद्या मला सोड तिकडे. गुडघ्याचं बघू."

ताईंनी फोन खाली ठेवला आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

"एकसुद्धा दहापेक्षा कमीच असतो," त्या मला म्हणाल्या. "म्हणजे मी एकटीसुद्धा."