नवस एआयचा, नाव नेटवर्किंगमध्ये

शनिवारी सकाळी मोबाईलवर एक यादी आली आणि मी तव्यावरची पोळी तशीच सोडून रडायला लागले...

माझी मुलगी पूर्वा यवतमाळला आयटी इंजिनीअरिंग करते. तिसऱ्या वर्षी स्पेशलायझेशन निवडायचं असतं, मार्कांप्रमाणे जागा मिळतात. पुण्याच्या भाच्यापासून आमच्या किराणावाल्यापर्यंत सगळे म्हणत होते, एआयच घ्या, पुढे तेच चालणार.

मग मी तिला न विचारताच आमच्या गावदेवीला, मातामायला नवस बोलले. एआयच्या यादीत नाव येईपर्यंत चहा बंद! दीड महिना घोट घेतला नाही. साखर वाचली ते वेगळंच...

आणि त्या यादीत पूर्वाचं नावच नाही. बोट ठेवून दोनदा वाचली. वर्गात पहिली येणारी मुलगी... फोन लावला.

"आई, थे यादी कायले वाचून राह्यली? मी एआय भरलंच नाही. नेटवर्किंगची पाह्य. पह्यलं नाव माह्यं हाये."

"काहून नाही भरलं? सारे तेच घेऊन राह्यले ना!" मी चिडलेच.

"कापसाच्या नोंदणीच्या येळी काय झालतं, आठवते का तुले?"

न आठवायला काय झालं... त्या वर्षी बोंडअळीने अर्धा कापूस खाल्ला, उरलेला व्यापारी भाव पाडून मागत होते. सरकारी खरेदीसाठी ऑनलाइन नोंदणी हवी आणि गावात तीन दिवस नेट नाही. पूर्वा सुट्टीत घरी आली होती. गावात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सेंटरवाल्या सलीमभाईंसोबत ती उन्हात केबलच्या मागे मागे फिरली. नालीच्या खोदकामात केबल तुटली होती, ती जागा तिनेच शोधली. जोडणारा माणूस आला आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाची नोंदणी झाली. मी मात्र तेव्हा 'काळी पडशील' म्हणून ओरडले होते.

"सारेच वरचं काम करतीन त खालची लाईन कोण पाहीन, आई?" ती म्हणाली.

तिचं म्हणणं पटलं, पण मनात दुसरीच धाकधूक... नवस तर एआयचा होता. आता तो फेडायचा की चहा कायमचा गेला? सासूबाईंना विचारलं. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या, खो खो हसल्या.

"मातामायले काय समजते तुह्यं एआय न फेआय! तिले पोरगी समजते. ऊठ, चहा मांड. मलेबी दे अर्धा कप."

मंगळवारी देवळात जाऊन ओटी भरली. तिथे एकीने विचारलं, पोरीने काय घेतलं? मी चार बायकांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नेटवर्किंग. तिच्या मनानं घेतलं."

मी दहावी पास झाले तेव्हा पुढे काय घेणार, हे मला कुणीच विचारलं नव्हतं. माझ्या मुलीला मी नाही, पण कॉलेजने तरी विचारलं आणि तिच्याजवळ स्वतःचं उत्तर तयार होतं... मातामाय, एवढ्यासाठीच तुझ्यापुढे डोकं टेकवलं.