गुडघ्यांवरची होडी

एखाद्या माणसाला संपवायचं असेल तर आमच्या खानदेशात त्याचा सत्कार करतात. भांडत नाहीत, हाकलून देत नाहीत. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल आणि वर ‘दोन शब्द बोला’ अशी विनंती. ते दोन शब्द बोलून माणूस खाली बसला की त्याला पुन्हा कुणी काही विचारत नाही.

माझा सत्कार जळगावच्या एका मंगल कार्यालयात झाला. मला पंचेचाळीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. सत्कार करणारा आमचा गट म्हणजे जळगाव-धुळ्याचे दहा-बारा हौशी लोक. पावसाळ्यात सातपुड्यातून ओढे जोरात उतरतात, त्यांत आम्ही कयाक चालवतो. कयाक म्हणजे वरून बंद, चिंचोळी प्लास्टिकची होडी. आत पाय पुढे लांब करून बसायचं, कमरेभोवती रबरी झालर ताणून होडीचं तोंड बंद करायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारत दगडांमधून खाली यायचं. उलटलात तर आतल्या आत झटका देऊन सरळ व्हायचं. हे मला येत होतं. गटातल्या बहुतेकांना हेल्मेट घालून उभं राहता येत होतं.

यांत अव्वल आमचे अध्यक्ष. ठिबकच्या नळ्यांचे मोठे व्यापारी. ओढ्यात दहा मिनिटं आणि फोटोत दिवसभर. होडी पाण्यात टाकण्याआधी ते काठावर पालथा हात कपाळाला लावून दूर बघतात. तिकडे केळीच्या बागेशिवाय काही नसतं, पण फोटो झकास येतो.

त्या हिवाळ्यात रेक्झिनचा गठ्ठा माडीवर चढवताना माझ्या कमरेतली चकती सरकली. धुळ्यात देवपूरच्या डॉक्टरांनी कमरेचा फोटो उजेडाला धरून सांगितलं, ‘पाय लांब करून बसणं बंद.’ ते मला सांगायची गरज नव्हती. पाय लांब केला की कमरेपासून टाचेपर्यंत वीज खेळायची. ही बातमी अध्यक्षांना कळली आणि त्यांनी लगेच सभा बोलावली. मला ‘आजीव सल्लागार’ केलं. सल्लागारानं करायचं काय, तर दोरी आणि शिट्टी घेऊन काठावर उभं राहायचं आणि लोकांचे मोबाइल, चिवडा, केळी सांभाळायची. मी दोन शब्द बोललो. शाल अंगावर घेऊन बसस्टँडपर्यंत आलो आणि तिथल्या बाकावर बसून, खोटं कशाला सांगू, रडलो. पाण्यात असताना मी कुणाचा भाऊ नसतो, दुकानदार नसतो, दुसऱ्याच्या सीटा शिवणारा नसतो. ते आता गेलं होतं. हातात नारळ होता.

घरी आल्यावर शाल मी गाडीच्या डिकीत टाकली. चिखल पुसायला बरी होती.

उपाय सापडला मशिदीत. नमाजात गुडघे टेकून टाचांवर बसलं की कंबर दुखत नाही, हे माझ्या लक्षात होतं, पण त्याचा अर्थ लक्षात यायला एक शुक्रवार लागला. नमाज संपली, लोक उठून चपला शोधायला लागले, मी तसाच बसून राहिलो. शेजारच्यांना वाटलं, याला आज फार मागायचंय. मला काही मागायचं नव्हतं. मी विचार करत होतो की होडीत असं बसता आलं तर? परदेशात लोक कयाकमधलं आसन उपटून टाकतात, आत गुडघ्यांवर बसतात आणि एकाच पात्याच्या वल्ह्यानं चालवतात, हे मी व्हिडिओत पाहिलं होतं. तेव्हा वाटलं होतं, काय एकेक वेडे असतात.

आमचं धुळ्यात सीट कव्हरचं दुकान आहे. मोटारसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर, काहीही आणा. फोम कापणं, चिकटवणं, पट्टे बसवणं हेच आम्ही करत आलो. तेव्हा माझ्या कयाकचं आसन मी स्वतःच उपटलं. त्या जागी फोमचे थर एकावर एक चिकटवून घोड्याच्या खोगिरासारखी वीतभर उंच बैठक केली. दोन्ही बाजूंना गुडघे रुततील असे खोलगट फोमचे तुकडे बसवले आणि सगळ्यावर रेक्झिन चढवलं. मांड्यांवरून ओढून घ्यायला भंगारातल्या मोटारीचे सीटबेल्ट लावले, त्यांचं बटण दाबलं की माणूस सुटतो. जुनं वल्हं मधोमध कापलं आणि वरच्या टोकाला सुताराकडून बाभळीची आडवी मूठ करून घेतली. धुळ्याच्या उन्हानं पत्र्याखाली बैठकीचा डिंक एकदा वितळला, सगळं पुन्हा केलं. काम चाललं असताना अध्यक्ष एकदा दुकानात डोकावले.

‘भाई, सल्लागारानं आराम करायचा असतो,’ ते म्हणाले.

‘आरामाचीच सीट बनवतोय,’ मी म्हणालो.

दुकानात माझ्याबरोबर माझा मोठा भाऊ असतो. माणूस वाईट नाही, पण त्याचा जीव चकाकीत अडकलेला. सीट आतून कशीही असो, वरून चमकली पाहिजे. त्यात आमच्या भागातली गिऱ्हाइकं त्याच्याच जातकुळीची. नव्या सीटवरची प्लास्टिकची पन्नी इथं कुणी काढत नाही. उन्हात ती भाजते, घामानं चिकटते, फाटून तिच्या चिंध्या लोंबतात, तरी ट्रॅक्टर विकायला काढतील तेव्हा मालक त्या चिंध्यांवर हात फिरवून सांगणार, ‘सीट एकदम नवी शे भाऊ!’ असल्या लोकांसाठी राबण्यात माझी उमर गेली.

श्रावणात एका रविवारी गट सातपुड्याच्या पायथ्याशी जमला. ओढा चांगला भरला होता. तो तीन पायऱ्या उतरून खाली डोहात पडतो. पहिली पायरी कमरेएवढी, दुसरी तिरकी, तिसरी पुरुषभर. माझी होडी भावानं आदल्या दिवशी बांधून गाडीच्या टपावर चढवली होती आणि तोही सोबत आला होता, आपल्या दुकानाचा माल पाण्यात कसा दिसतो ते बघायला. मला दोरी-शिट्टी द्यायला अध्यक्ष पुढे आले तर मी होडीत शिरत होतो.

मला गुडघ्यांवर बसलेला पाहून ते मोठ्यानं म्हणाले, ‘अरे वा, भाई! पाण्यात नमाज पढता का?’ सगळे हसले. हसायला त्यांना परवानगी मिळाली होती ना.

‘हो,’ मी म्हणालो, ‘तुमच्यासाठी दुआ मागतो. तुम्हाला गरज आहे.’

होडीच्या पोटात अंधार असतो. गुडघ्यांना गार, गुळगुळीत लागलं. मला वाटलं, नवं रेक्झिन आहे. पहिल्या पायरीवरून होडीचं नाक खाली गेलं, मी एका बाजूला झुकून वल्हं रोवलं आणि त्याच क्षणी दोन्ही गुडघे साबणावरून घसरावेत तसे पुढे गेले. मांड्या पट्ट्यांतून निसटल्या. उलटलो, झालर सुटली, होडीत पाणी भरलं आणि मी तिच्या मागून दगडांना शिव्या देत बाहेर आलो.

अध्यक्षांचा मोबाइल चालू होताच. ‘सल्लागार बुडाले!’ असं ते त्यात बोलत होते. मग मोबाइल खिशात घालून गंभीर झाले. गंभीर झाले की ते आवाज खाली आणतात, मंगल कार्यालयात आणला होता तसा. ‘भाई, आता पुरे. तुमच्या जिवाची जबाबदारी गटावर आहे. आज परत उतरलात आणि असंच झालं, तर तुम्हाला गटात ठेवता येणार नाही.’

मी होडीतलं पाणी ओतलं आणि आत हात घालून चाचपलं. पन्नी! बैठकीवर, गुडघ्यांच्या खोबणीत, सगळीकडे जाड पारदर्शक पन्नी, कडा आत दुमडून, सुरेख ताणून बसवलेली. भाऊ माझ्याकडे बघत होता. चूक झाल्याचं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतंच.

‘माल नया दिखना चाहिए ना,’ तो म्हणाला.

मी पन्नी दातांनी फाडली. त्या माणसाला मारायचं राहून गेलं ते फक्त हात कामात होते म्हणून. पण पन्नीखालचं रेक्झिनही आता ओलं होतं, त्यावर हात ठरत नव्हता. असं गेलो असतो तर पुन्हा घसरलो असतो आणि हे लोक मला हसतहसत काठावर उभं करून मोकळे झाले असते. आयुष्यभर केळी सांभाळणारा मी मला लख्ख दिसला.

मी गाडीकडे गेलो आणि डिकीतून शाल काढली. लोकरीची म्हणून दिलेली ती शाल निव्वळ नायलॉनची होती, वरून खरखरीत, आणि तिचा जरीचा काठ तर अंगाला बोचायचा. नेमकं हेच हवं होतं. भावाजवळ नेहमी कात्री, दाभण आणि दोरा असतो. लग्नात जेवायला बसला तरी खिशात असतो. मी शाल त्याच्या अंगावर टाकली.

‘गुडघ्यांखाली शिव. चमक नको.’

त्यानं माझ्याकडे पाहिलं, कात्री काढली आणि आमच्या आजीव सल्लागारपदाचे तुकडे केले. मग अर्धा होडीत शिरून दाभणानं ते रेक्झिनवर टाचत गेला. आतून त्याचं कण्हणं ऐकू येत होतं. बैठकीला पट्टी झाली, डाव्या गुडघ्याला भरपूर पुरलं, उजव्याला मात्र जेमतेम चिंधी उरली. सत्काराच्या शालीतही लोकांनी कापड मारलं होतं. अध्यक्ष तोवर दुसऱ्या कुणाला पाण्यात कसं झुकायचं ते समजावत होते, पाठ पाण्याकडे करून.

त्यांनी वळून पाहिलं तेव्हा मी प्रवाहाला लागलो होतो. ‘भाई!’ एवढंच ऐकू आलं.

पहिली पायरी. झुकलो, वल्हं रोवलं. डावा गुडघा जागच्या जागी. उजवा बोटभर सरकला आणि थांबला. दुसऱ्या तिरक्या पायरीवर होडी आडवी व्हायला निघाली, तिला एका पात्यानं ओढून सरळ केली. खरं सांगतो, कयाकमध्ये मला कधी एवढं उंचावरून पुढचं दिसलं नव्हतं. गुडघ्यांवर बसलं की माणूस पाण्याच्या वर येतो. पुढचा दगड आधी दिसतो. तिसऱ्या पायरीला मी शरीर पुढे टाकलं, डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं, कानांत पाणी गेलं, आणि मी डोहात होतो. सरळ. होडीत.

मी वल्हं आडवं ठेवलं आणि वाट बघितली. हिवाळ्यापासून जरा धक्का बसला की ती यायची, कमरेतून निघून मांडीच्या मागनं टाचेपर्यंत जाणारी वीज. मी श्वास धरून बसलो. डोहातलं पाणी होडीला हळूहळू फिरवत होतं. ती आली नाही. पुन्हा थांबलो. नाहीच आली. मग मी एकटाच मोठ्यानं हसलो आणि हसता हसता माझे डोळे भरून आले, आणि या वेळी कुणी बघितलं तरी मला फिकीर नव्हती.

भाऊ काठावरून घसरत येत होता, दाभण अजून हातात. त्याच्या मागून अध्यक्ष, धापा टाकत. त्यांनी होडीत वाकून पाहिलं. जरीचा काठ भिजून चकाकत होता.

‘अहो भाई, ही आपली सत्काराची शाल ना?’

‘तीच,’ मी म्हणालो. ‘पुढच्या महिन्यात आणखी एक सत्कार ठेवा. उजव्या गुडघ्याला कमी पडली.’