मल्लूच्या अल्बममधली बायको

आधी तो कप खाली ठेवा बघू. ही गोष्ट ऐकताना आमच्या शेजारणीला असा ठसका लागला होता, की तिच्या पाठीवर थापा मारून माझाच हात दुखला.

ठेवला? तर ऐका. माझ्या भाच्याचं लग्न जमायच्या आधीच मी ते लावून मोकळी झाले होते!

भाचा म्हणजे मल्लिनाथ. अण्णाचा, माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. घरात सगळे त्याला मल्लू म्हणतात. पोरगं सरळ, नोकरी इथं सोलापुरातच. त्याला बार्शीचं एक स्थळ आलं. धान्याचा व्यापार करणारं घर. मुलगी गिरिजा. पत्रिका-बित्रिका झाल्यावर मुलीच्या वडिलांनी, अप्पांनी, एकच मागितलं, "मुलाचे घरातले साधे फोटो पाठवा. स्टुडिओतले नकोत."

अण्णा म्हणाला, "मोबाईलमधले चार पाठवून देतो."

"चार?" मी म्हटलं. "लग्नाचं काम आहे का चेष्टा? मी पाठवते."

आमच्या कॉम्प्युटरवर खानदानाचे सगळे फोटो आहेत. लग्नं, बारशी, गड्ड्याची जत्रा, वडिलांच्या कपाटातले जुने, सगळं एका ठिकाणी ओतून ठेवलेलं. खळ्यात शेंगांचा ढीग असतो ना, तसं! माझ्या मुलानं, शिवानं, त्यावर एक प्रोग्राम टाकून दिला होता. तो म्हणे चेहरे ओळखतो, एका माणसाचे फोटो एकत्र करतो आणि आपण वर नाव लिहायचं.

शिवा म्हणाला, "आई, रविवारी मी करून देतो."

रविवारी! सगळी हयात कचेरीत फायली लावण्यात गेली माझी, आणि मला फोटो लावता येणार नाहीत? ठरवलं म्हणजे ठरवलं. बसले.

प्रोग्राम मात्र फार नम्र हो! टिकलीएवढे दोन गोल चेहरे दाखवायचा आणि विचारायचा, "हा आणि हा एकच माणूस आहे का?" मी म्हणायचे, हो. पुढचे दोन. हो. सुरुवातीला चष्मा लावून नीट बघत होते. नंतर हात बसला. कचेरीत शिक्के मारायचो ना, तसं सुरू झालं. हो, हो, हो!

आता मल्लू आणि शिवा आते-मामे भाऊ. कपाळ सारखं, भुवया सारख्या. त्यात हल्लीच्या सगळ्या पोरांची दाढी एकाच न्हाव्यानं कोरल्यासारखी. टिकलीएवढ्या चेहऱ्यात काय कळणार, तुम्हीच सांगा?

अल्बम तयार झाला. वर मी 'मल्लिनाथ' असं नाव लिहिलं, लिंक बार्शीला पाठवली आणि खाली ठसक्यात लिहिलं, 'मुलाचे सर्व फोटो बघून घ्यावेत. आमच्यात लपवाछपवी नसते.'

संध्याकाळी अप्पांचा फोन.

"ताई, फोटो बघितले. पोरगा लई देखणा हाय."

"आहेच की!"

"सून बी देखणी हाय."

"कुणाची?"

"तुमच्या भावाची! पोराच्या शेजारी हार घालून हुबी हाय न्हवं का? ताई, मुलाचं लगीन झालंय की वो!"

मी धावत जाऊन कॉम्प्युटर उघडला. शिवाचं लग्न! शेजारी आमची सूनबाई, भाग्यश्री. दोघांच्या डोक्यावर अक्षता पडतायत आणि वर नाव 'मल्लिनाथ'.

"अहो अप्पा, तो मल्लू नाहीच! तो माझा मुलगा!"

"मग त्याला मल्लिनाथ कुणी केला?"

"मीच."

आणि ते पुढं काही बोलायच्या आत म्हटलं,

"थांबा, अप्पा. आत्ता नीट करते."

दुसरी एखादी असती तर तिनं मुलाला हाक मारली असती. मी? मी बिघडवलं ना, मग मीच नीट करणार! शोधून शोधून 'वेगळे करा' असं एक बटण सापडलं. दाबलं. दोन ढीग झाले. एक ढीग अल्बममधून काढून टाकला, अप्पांना 'आता परत बघा' असं कळवलं आणि शांतपणे झोपले.

झोपले खरी, पण काढून टाकलेला ढीग मल्लूचा होता.

सकाळी चहा गाळतेय तोवर अप्पा!

"ताई, काल लगीन झालतं. आज लेकरू झालं की वो!"

"काय?"

"बारसं चालू हाय हितं. बाळ तुमच्याच मांडीवर हाय. दुपारपत्तूर शाळंत घालताव का काय त्याला?"

मला हसावं का रडावं कळेना. अप्पांना तर दोन्ही करायचं नव्हतं. त्यांनी फोनच ठेवला.

घरात गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? भाग्यश्री मोबाईल नाचवत स्वयंपाकघरात आली. "आई, मला दिराची बायको केलीत?"

मागून शिवा. "ते राहू दे. आई, तू पोटच्या पोराला ओळखलं नाहीस?"

मी चहात दुसऱ्यांदा साखर घातली.

तेवढ्यात अण्णा आणि मल्लू आले. अण्णाचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा. "तायडे, झाली तेवढी शोभा पुरे. बार्शीला कळवून टाकतो, स्थळ राहू द्या म्हणून."

मल्लू कधी उलटून बोलत नाही. त्या दिवशीही बोलला नाही. फक्त खाली बघत म्हणाला, "मुलगी चांगली होती, आत्या."

बास! चूक माझी आणि लग्न ह्या पोराचं मोडायचं? मी गॅस बंद केला, पदर खोचला आणि अप्पांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. परत लावला. परत. शेवटी उचलला.

"अप्पा, रागवा, बोला, काय म्हणायचं ते म्हणा. पण एकदा सोलापूरला या. दोन्ही पोरं तुमच्यासमोर उभी करते. मुलीलाही आणा. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे."

पलीकडून अप्पा काही बोलायच्या आत एका मुलीचा आवाज आला, "जाऊ या की, अप्पा."

रविवारी बाप-लेक आले. मी घरात बंदोबस्तच लावला होता. सोफ्यावर शिवा, भाग्यश्री आणि बाळ. शिवाला बजावलं, "पाहुणे जाईपर्यंत बाळाला मांडीवरून उतरवायचं नाही. पुरावा आहे तो!" समोरच्या खुर्चीवर मल्लू, एकटा.

अप्पांनी सोफ्याकडं बघितलं. खुर्चीकडं बघितलं. परत सोफ्याकडं. मग म्हणाले, "दिसत्यात खरं सारखे."

अहो, मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं! भाग्यश्रीनं सगळ्यांना शेंगाचटणी-भाकरी वाढली. अप्पांनी दुसऱ्यांदा चटणी मागितली, तेव्हा माझा जीव जरा भांड्यात पडला.

जेवणं झाल्यावर गिरिजा म्हणाली, "आत्या, तो अल्बम मी नीट करून देऊ का?"

ती कॉम्प्युटरसमोर बसली. शेजारी मी. मल्लूची खुर्ची कधी जवळ सरकली, मला कळलंच नाही. बाकी सगळे मागे गोळा झाले. ती एकेक चेहरा दाखवायची आणि मी सांगायचे. आता चुकायचं नाही, असं मनाशी पक्कं केलं होतं.

"हा?"

"शिवा."

"हा?"

"मल्लू."

"बरोबर," मल्लू म्हणाला आणि ती हसली. मला धीर आला.

"आणि हे बाळ?"

गोलात एक गुबगुबीत तोंड. भोकाड पसरलेलं, नाकाला शेंबूड.

"हा मल्लूच!" मी ठणकावून सांगितलं. "डोळे झाकून सांगते. लहानपणी असाच किरकिरा होता. ह्याला मी कडेवर घेऊन फिरलेय, मी नाही ओळखणार?"

गिरिजानं फोटो मोठा केला.

मागून अण्णा खाकरला. "तायडे, मल्लूला झालरीचा फ्रॉक कधी घातला होता गं?"

मी बघितलं. फ्रॉक होता.

"आणि उचलून घेतलंय ते आपल्या बाबांनी. मल्लू जन्माला यायच्या आधीच गेले ते. अगं, ती तू आहेस!"

अप्पा असे हसले, की बाळ दचकून रडायला लागलं. उपरण्यानं डोळे पुसत ते अण्णाला म्हणाले, "पावणं, आमाला पोरगा पसंत हाय. तारीख काढा."

मी मान खाली घालून बसले होते. गिरिजानं हसू दाबत कीबोर्डवर बोटं ठेवली आणि अगदी अदबीनं विचारलं, "आत्या, तुमचं नाव काय लिहू?"