निरोप जसाच्या तसा

लाँड्रीत पुढे काउंटरवर थोरला, मागे धुलाईच्या मशिनांपाशी धाकटा, आणि दोघांच्या मधोमध इस्त्रीच्या टेबलाशी आत्या. सख्खी नव्हे, त्यांच्या वडिलांच्या काळापासून इथे इस्त्री करणारी. वडील गेले, थोरल्याने न विचारता दुकानाची पाटी बदलली, आणि भावाभावांचं बोलणं तुटलं. तेव्हापासून निरोप आत्याकडे; मशिनांच्या घरघरीत मूळ बोलणं फक्त तिलाच ऐकू जायचं.

"आत्या, त्या ऐतोबाला सांग, चादरी दुपारी हव्यात!"

आत्या मागे वळायची. "दादा विचारतोय, चादरी दुपारपर्यंत होतील का रे?"

"साहेबांना म्हणावं, हात दोनच आहेत. घाई असेल तर ये आणि पीळ!"

"होतायत म्हणतो. जरा दम धर."

चुरगळलेलं बोलणं तिच्याकडे यायचं, घडी घालून पुढे जायचं. गिऱ्हाइकं म्हणायची, काय गुणी भाऊ!

एका सकाळी मागून आरोळी आली, "सांग त्याला, खड्ड्यात जा! मी माझी मशिनं घेऊन वेगळा होतोय!"

याची घडी कशी घालणार? तरी तिने हळूच सांगितलं, "तो वेगळं व्हायचं म्हणतोय."

थोरला भडकला. "हे तूच भरवलंस त्याच्या डोक्यात! लावालावी करतेस! उद्यापासून येऊ नकोस."

"बरोबर आहे," मशिनं थांबवून मागून धाकटा. "माझा निरोपही जसाच्या तसा देत नाही. असलं माणूस नकोच!"

आत्याने इस्त्री उभी ठेवली.

"वा रे वा! इतक्या वर्षांनी एकमत झालं, ते मला हाकलायला? मग लावालावी कशी असते तेही ऐका."

ती गिऱ्हाइकांसमोर आली. कमरेवर हात, हनुवटी वर, आवाज नाकात. हुबेहूब थोरला. "'त्या ऐतोबाला सांग!'" गर्रकन वळली, खांदे पाडले, झाली धाकटा. "'साहेबांना म्हणावं, ये आणि पीळ!'" एकेक निरोप, मूळ चालीत, मूळ शिव्यांसकट. गिऱ्हाइकं तोंडावर हात धरून हसत होती.

मग तिने आवाज खाली आणला. पुन्हा थोरलाच, पण इकडेतिकडे बघत. "'आत्या, त्याचा खोकला कसा आहे गं? मी विचारलं म्हणू नकोस.'"

हसू थांबलं. धाकटा फेसाळ हातांनी पुढे आला.

"असं म्हणाला हा?"

"मला काय विचारतोस? समोर उभा आहे. तोंड आहे त्याला."

धाकटा थोरल्याकडे वळला. "पाटी विचारून का नाही लावलीस?"

"तू नको म्हणाला असतास!"

"म्हणालोच असतो!"

आवाज चढले. एक गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "आत्या, पडा ना मध्ये!"

"छे! भांडू दे. स्वतःच्या तोंडाने भांडतायत, किती दिवसांनी."

थोरला सवयीने वळला. "आत्या, याला सांग की..."

"नाही सांगणार. उद्याही नाही सांगणार," आत्याने शर्टाची कॉलर पसरली. "आणि उद्या मी येणार."