बर्फाच्या देशातला मऊभात

सिनेमाच्या बाबतीत माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. दिवेआगरला आमच्या घरी उतरणारे पाहुणे जेवता जेवता सहज विचारतात, वहिनी, हा बघितलात का, तो कसा वाटला? मग मी जी सुटते, ती त्यांची सोलकढी कोमट होईपर्यंत. नवरा आतून खाकरतो. खाकरू दे.

माझं पहिलं मत असं, की ज्याची स्वतःची वाडी आहे तो माणूस नारळाखाली बसत नाही. सिनेमातली जोडपी मात्र खुशाल बुंध्याला टेकून गाणी म्हणतात. वर नारळ लटकलेले असतात आणि माझं सगळं लक्ष तिकडे. पडू दे एकदा एक, मग पुढचं कडवं कसं सुचतं ते बघू.

ही मतं ऐकायला घरात कोणी नव्हतं. सासूबाई जोडीला आल्या त्या त्यांचे डोळे गेले तेव्हा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि साखर आटोक्यात येईना म्हणून डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलत होते. समोर उभा असलेला माणूस त्यांना नुसता धुरकट दिसायचा. त्याच्या आदल्याच वर्षी सासरे गेले होते. छातीत दुखतंय म्हणून त्यांना अलिबागला न्यायला गाडी आली, तेव्हा गाडीत बसता बसता ते सासूबाईंना म्हणाले होते, मऊभात टाकून ठेव, दुपारी येतोच. ते आले नाहीत. तेव्हापासून सासूबाईंचं बोलणंच आटलं होतं, आणि घरातली ती शांतता मला खायला उठायची. एका दुपारी पाहुण्यांची पानं उरकली तशी मी त्यांना टीव्हीसमोर आणून बसवलं, हातात कापूस दिला आणि म्हटलं, तुम्ही वाती वळा, मी सिनेमा सांगते.

हिंदी त्यांना कानांनीच कळायची, त्यात मी काय वेगळं सांगणार? म्हणून आम्ही परदेशी सिनेमे धरले. खाली इंग्रजी अक्षरं उमटतात ती वाचायची आणि आपल्या भाषेत सांगायचं. बी.ए. झाल्याचा एवढा उपयोग मला आधी कधी झाला नव्हता.

सांगायला लागलं की सिनेमाचं पितळ लगेच उघडं पडतं. हाणामारीचा सिनेमा सांगून बघा. धाड, पडला. धाड, हाही पडला. एका माणसाला मारायला अख्खी टोळी येते आणि रेशनच्या रांगेत उभं असल्यासारखे एकेक जण पुढे येऊन मार खाऊन जातात. सगळे एकदम का नाही धावून जात मेले, असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. भुताचे सिनेमे मात्र आमचे फार लाडके, कारण आम्ही पोट धरधरून हसायचो. खाली खुडबुड ऐकू आली की ही बाई मेणबत्ती घेऊन एकटीच तळघरात उतरणार. अगो, आधी दिवा लाव ना. मागे मोठं वादळ झालं, त्यानंतर आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती, पण बॅटरी घेतल्याशिवाय कोणी न्हाणीपर्यंतसुद्धा गेलं नाही. खुनाच्या सिनेमात जो सगळ्यांना चहा विचारत फिरतो तो खुनी, हे सासूबाईंचं गणित, आणि ते बहुतेकदा बरोबर निघायचं. प्रेमाच्या सिनेमात त्यांची एकच शंका: या दोघांना कामधंदा नाही का?

बक्षिसं मिळालेल्या सिनेमांनी मात्र माझा जीव काढला. खरं सांगायचं तर मला ते मनापासून आवडतात, पण सांगायचं काय? माणूस खिडकीत उभा आहे. काय करतोय? बघतोय. थोड्या वेळाने सासूबाई विचारायच्या, आता? अजून बघतोय. तोवर त्यांच्या वाती वळून संपायच्या. असा सिनेमा आपण वाडीला पाणी लावून येईपर्यंत तिथेच असतो, हे त्यांचं मत, आणि मी ते नाइलाजाने मान्य केलं आहे.

घरात पुन्हा हसणं ऐकू येऊ लागलं होतं. आणि अशात मी तो बर्फाच्या देशातला सिनेमा लावला.

म्हातारा-म्हातारीचं लहानसं दुकान, दोघांची दिवसभर कुरबुर. मजेत चाललं होतं. मध्येच म्हाताऱ्याला बरं वाटेनासं झालं आणि त्याला न्यायला गाडी आली. सासूबाईंचे हात थांबले. पुढे काय होणार ते मला तेवढ्यात कळलं आणि त्या दिग्दर्शकाचा असा राग आला म्हणून सांगू. पडद्यावर पलंग रिकामा दिसत होता, आणि मी बेधडक सांगितलं, म्हातारा बरा होऊन घरी आला, टोपीवरचा बर्फ झटकला आणि म्हणाला, भूक लागली, मऊभात वाढ.

त्या देशात मऊभात करतात? सासूबाईंनी विचारलं. करतात, मी म्हटलं.

पुढे वरचेवर त्या तोच सिनेमा लावायला सांगायच्या, आणि मी दर वेळी म्हाताऱ्याला घरी आणायचे. त्याला भाताबरोबर मेतकूट आणि तूपसुद्धा मिळायला लागलं.

मग साखर उतरली आणि दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. काळा चष्मा उतरल्यावर त्यांनी मला निरखून बघितलं आणि केस पांढरे झाले की गो तुझे, म्हणाल्या. वाडीत जाऊन प्रत्येक माडाला हात लावून आल्या. आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, "तो बर्फातला लाव. आता माझ्या डोळ्यांनी बघते."

मी टाळायला बघितलं. नेट गेलंय म्हटलं, रिमोट सापडत नाही म्हटलं. नवऱ्याने शहाण्यासारखा तो शोधून दिला.

मी शेजारी बसून फरशीकडे बघत राहिले. गाडी आली. पलंग रिकामा झाला. म्हातारी बर्फातून एकटीच घरी निघाली. मला वाटलं, संपल्या आपल्या दुपारी. आता सिनेमाच काय, मी गॅस बंद केलाय म्हटलं तरी या उठून बघून येतील.

सासूबाईंनी डोळे पुसले. "शेवटचं ते वाजवणं मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं," त्या म्हणाल्या. "डोळे गेले होते, कान नव्हते गेले. वाजवणारे रडत होते आणि तू सांगत होतीस, म्हातारा जेवायला बसला."

मग तेव्हाच बोलला का नाहीत, असं मी कसंबसं विचारलं.

"बोलले असते तर तू त्यांना परत घरी आणलं असतंस का?"

मला रडूही आलं आणि हसूही आलं. त्यांनी कापसाचा डबा पुढे ओढला, शेवट परत लाव म्हणाल्या, आणि नवे कोरे डोळे घट्ट मिटून घेतले.

"सांग आता. आणि भात नीट शिजू दे. मागच्या वेळी घाई केलीस."

मी सिनेमा मागे घेतला. म्हाताऱ्याला दारात उभं केलं, टोपी काढायला लावली, पाय धुवायला गरम पाणी दिलं, आणि भाताला सावकाश कढ येऊ दिला.