गावंडे साहेबांचं स्टूल

कुणाचं काम समजून घ्यायचं असलं की गावंडे साहेब त्याला एकही प्रश्न विचारत नसत. सकाळी दहाला स्वतःचं निळं प्लास्टिकचं स्टूल घेऊन यायचे, त्या माणसाच्या डाव्या अंगाला टेकायचे, मांडीवर दोनशे पानी वही उघडायचे आणि कार्यालय सुटेपर्यंत त्याचे हात काय करतात तेवढंच लिहायचे. कागद उचलला, शिक्का मारला, कान खाजवला, सगळं वेळेसकट. "तोंड खोटं बोलते," ते म्हणायचे, "हाताले तेवढी अक्कल नसते."

अमरावतीच्या विभागीय कर कार्यालयात मी निरीक्षक म्हणून नवा लागलो, तेव्हा ते तिथे सहायक आयुक्त होते. खात्याचा दहा वर्षांचा संगणकीकरणाचा आराखडा तयार होत होता आणि अमरावती-अकोल्याचा भाग त्यांच्याकडे होता. मुंबईहून सल्लागार कंपनीनं रंगीत आकृत्यांचं जाडजूड बाड पाठवलं होतं. साहेबांनी ते टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारलं. "आंधी कोनाच्या हातात काय काम हाय ते पायतो. कोनता संगणक घ्याचा ते मंग," एवढंच म्हणाले.

पहिला नंबर माझाच लागला. दुसऱ्या दिवशी बैठकीत, सगळ्या कार्यालयासमोर, त्यांनी बाजारभाव वाचावेत तशा आवाजात वाचलं, "अकरा दहा ते अकरा पंचवीस, खणात मोबाइल. बारा वाजता जांभई. बारा पाचले तीच फाइल पुन्हा उघडली." लोक खाली माना घालून हसत होते. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, चुकीचं लिहिलं असेल तर सांग. चुकीचं काहीच नव्हतं, म्हणून तर त्या दिवसापासून मी त्यांचा मनापासून द्वेष करू लागलो.

पण माणूस कामाचा होता, हे नाकारता येत नाही. संगणकावर आलेला नोंदणीचा अर्ज आमच्याकडे छापला जायचा, त्यावर शिक्का बसायचा आणि तोच अर्ज शेजारच्या संगणकात पुन्हा टाइप व्हायचा. पूर्वीच्या कुठल्यातरी साहेबानं तसं सांगितलं होतं आणि थांबा असं नंतर कुणी सांगितलंच नव्हतं. इतक्या वर्षांत हे कुणाच्या नजरेत आलं नाही. स्टुलावरून ते एका दिवसात दिसलं.

अकोल्याच्या कार्यालयात हे पुन्हा टाइप करायचं काम तायडेबाई करायच्या. कंत्राटी ऑपरेटर, बाळापूरहून रोज एसटीनं येणाऱ्या, नवरा गेलेला, मुलगी अमरावतीला शिकायला. दरवर्षी कंत्राट वाढलं तरच पुढचं वर्ष, अशी त्यांची नोकरी. साहेब मला सोबत घेऊन तिथे गेले त्या दिवशी ते शेजारी बसणार म्हणून बाई टेबल पुसून, नवी साडी नेसून हजर होत्या. दुपारी त्यांनी डबा पुढे केला. साहेबांनी भाकर आणि ठेचा दोनदा मागून घेतला, वर म्हणाले, "बाई, असा ठेचा माही बायको गेल्यापासून नाई खाल्ला." बाई फुलून गेल्या. साहेबांनी हात धुतले, वही उघडली आणि लिहिलं, "दोन पाच, तोच अर्ज पुन्हा टाइप."

आम्ही निघताना बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. बाळापूरच्या लहान दुकानदारांनी नोंदणीत कर सल्लागाराचा मोबाइल नंबर दिलेला असायचा, त्यामुळे खात्याच्या नोटिशीचा संदेश त्यांच्यापर्यंत पोचतच नसे. बाई रोज दुपारी आपल्या फोनवरून एकेकाला आठवण करून द्यायच्या, पंधरावीस लोकांना. आज साहेब बसले होते म्हणून एकही फोन केला नव्हता. "सर, ते फोनचं लिहिलं ना त्याईनं? माहं खरं काम थेच हाय."

गाडीत मी साहेबांना हे सांगितलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. "तू पायलं? मी नाई पायलं. आन् फोन म्हंजे तोंडाचं काम. तोंडाचं मी लिहित नाई." आराखड्यात ते पद अनावश्यक ठरलं आणि मार्चनंतर तायडेबाई आल्या नाहीत. त्यानंतर बाळापूरच्या कितीतरी दुकानदारांच्या नोंदण्या नोटिशीला उत्तर न दिल्यामुळे रद्द झाल्या. साहेबांनी आराखड्याच्या तिसऱ्या टप्प्यात लिहिलं, 'आठवण करून देणारी यंत्रणा हवी.' वरून त्यांची पाठ थोपटली गेली.

ते निवृत्त झाले, तसं खात्यानं त्यांनाच त्या आराखड्यावर कंत्राटी सल्लागार नेमलं. घरी कुणी नव्हतं. "घरी काय करू, भिंतीशी बोलू काय?" म्हणत ते सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे. दिवसभर फोन घ्यायचे. अकोला, तिवसा, कुठूनही कुणी अडलं की त्यांनाच विचारायचं आणि ते तोंडपाठ उत्तर द्यायचे. मग नवे आयुक्त आले आणि त्यांनी मला, आता आराखड्याच्या शाखेचा अधिकारी असलेल्या मला, विचारलं की या सल्लागाराची गरज आहे का, अहवाल द्या.

मी निळं स्टूल उचललं आणि त्यांच्या डाव्या अंगाला बसलो. मला आनंद होत होता, हे लपवत नाही. त्यांनी वहीकडे पाहिलं आणि ओळखलं. नुसतं पेन फिरवलं असतं तरी दोन ओळी भरल्या असत्या, पण त्यांनी पेनला हात लावला नाही. फोन येत राहिले, ते बोलत राहिले, माझं पान जवळजवळ कोरं राहिलं. संध्याकाळी त्यांनी वही मागितली.

"फोन नाई लिहिले?"

"तोंडाचं आपण लिहीत नाही, साहेब."

"बराबर हाय." त्यांनी पान पुन्हा वाचलं. "पानी दोनदा पेलो मी. तू एकदाच लिहिलं. दुरुस्त कर."

मी दुरुस्त केलं. त्यांचं कंत्राट वाढलं नाही. दिवाळीच्या आत ते गेले. शेजाऱ्यांना दोन दिवसांनी कळलं.

पुढे बाळापूरला कामासाठी गेलो, तेव्हा तहसीलसमोर तायडेबाईंचं झेरॉक्सचं छोटं दुकान दिसलं. मी त्यांना सगळं सांगितलं, जणू त्यांच्यासाठी काही घेऊन आलो होतो. त्या कागद सरळ करत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमी बसले त्या दिवशी जेवले होते का ते?"

नव्हते. वहीत तसं होतं, 'दीड वाजता, जेवण नाही.' माझ्याच अक्षरात.

"मंग तुमचा डबा होता ना, सर?"

होता. त्यांच्या शेजारी, त्याच स्टुलावर बसून, मी तो एकट्यानं संपवला होता.