फक्त महाराष्ट्र व गोव्यासाठी

“तोंड बेळगावाकडं कर, मग बोल.”

असं म्हणून ती समोरच्या माणसाचे दोन्ही खांदे धरायची आणि त्याला अख्खा फिरवायची. माणूस कोण आहे हे बघायची नाही. वखारीतली बाई असो, वकील असो. एकदा तर तिनं ड्युटीवरचा हवालदार फिरवला. तो फिरला, फोनवर बोलला, थँक्यू म्हणाला आणि गेला.

यात जादूटोणा नव्हता. निपाणी कर्नाटकात, पण उत्तरेला कागलच्या बाजूचे महाराष्ट्रातले टॉवर अगदी जवळ. आमचं शिमकार्ड कर्नाटकचं. त्यानं पलीकडचा टॉवर पकडला की रोमिंग लागायचं. तेव्हा नुसता आलेला फोन उचलला तरी बॅलन्स कापला जायचा. म्हणून उत्तरेला पाठ करायची आणि दक्षिणेला, म्हणजे बेळगावाकडं तोंड करून बोलायचं, मग आपलाच टॉवर लागतो, असं तिचं शास्त्र. इंजिनियर लोक हसतील. हसू देत. बहुतेक वेळा लागायचा.

तोंड कुठल्या राज्याकडं करायचं यावरून आमच्या भागात तीन पिढ्या मोर्चे निघालेत. मीही त्यांत घसा फोडून घेतलाय. ह्या बाईनं तो प्रश्न खांद्याला धरून मिटवला होता. फक्त एका म्हातारीला ते पटेना. “लेक माझी कोल्हापुरात, आन तोंड बेळगावाकडं? रुसून बसल्यागत वाटतंय गं!” त्यावर आक्का म्हणाली, “रुसलीस तर रुसलीस. फोन तरी तुटणार न्हाय.”

सगळे तिला आक्काच म्हणायचे. निपाणी स्टँडच्या बाहेर, रसवंतीच्या शेजारी एक जांभळी छत्री, तिच्याखाली टेबल, टेबलामागं आक्का. छत्री एका स्वस्तातल्या मोबाईल कंपनीची. कंपनीचं नाव लिहीत नाही. आज ती त्या नावानं शिल्लकही नाही. वीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काढून आक्काच्या छातीत खोकला बसला होता. डॉक्टरनी वखार सोडायला लावली तेव्हा ही छत्री मिळाली. “जलमात पैल्यांदा खुर्चीवर बसून खात्ये,” ती म्हणायची, आणि खुर्ची रोज सकाळी पदरानं पुसायची.

मी तेव्हा कॉलेज अर्धवट टाकून तंबाखू कामगारांच्या एका छोट्या संघटनेची पत्रकं लिहीत होतो. लिहायचो मी, छापून आणायचो मी आणि स्टँडवर वाटायचोही मीच. ऊन वाढलं की तिच्या छत्रीत शिरायचो. तिनं माझं नाव पत्रकवाल्या ठेवलं. माझं प्रत्येक पत्रक ती मोठ्यांदा वाचायची.

“निर्ढावलेल्या म्हंजे काय रं?”

“म्हणजे, ज्यांना आता कशाचंच काही वाटत नाही.”

“मग तसं लिही की. ह्या शब्दाला रेंज येत न्हाय.”

मला राग यायचा. आज वाटतं, माझ्या लिहिण्यावर इतकं नेमकं पुन्हा कुणी बोललं नाही.

ती कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मराठी घरची. कंपनीनं चार दिवस शिकवलं तेवढं इंग्रजीही लावायची. त्यामुळं वखार सुटली की बायका थेट तिच्याकडं. आलेले मेसेज वाचून घ्यायला, नंबर लावून घ्यायला, कुणी कशावर सही मागितली तर दाखवायला. शिमकार्ड विकणं तिचं काम, पण ती लोकांना परतही पाठवायची. “ह्ये मोठं रिचार्ज तुला कशाला? तुला बोलायला हाईच कोन?” ती बाई म्हणायची, “तू हाईस की!” आणि दोघी हसायच्या. “आक्का बोलली” एवढं म्हटलं की वखारीच्या गल्लीत दुसरा पुरावा लागायचा नाही. तिच्याकडं जे काही होतं ते एवढंच होतं, आणि ती ते जपून वापरायची.

मग कंपनीला टीव्हीचं वेड लागलं.

हुबळीहून येणारा विक्रीचा साहेब पेढे घेऊन आला. “आता आपली जाहिरात टीव्हीवर! लोक शोधत येतील.” आक्कानं पेढा अर्धा खाल्ला, अर्धा मला दिला आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली, आमची कंपनी टीव्हीत येणार.

आली. स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात आम्ही दहा-बारा जणांनी उभं राहून बघितली. मुंबईहून दिसणारं मराठी चॅनेल. पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, फरशा दातांसारख्या चमकतायत. आई लेकीशी फोनवर बोलतेय, दूध उतू चाललंय, तिला भान नाही. मग एक गोड बाई सांगते: घरच्या एका नंबरावर दिवसभर मोफत. तुम्ही बोला, बाकी आमच्यावर!

आक्कानं माझा दंड दाबला. “बघ, मराठीत हाय. म्हंजे आपल्यासाठीच.”

ही चूक मुंबईत कुणी करणार नाही, बेंगळुरातही नाही. ती आमच्याकडंच होऊ शकते. आमच्या जमिनीचा उतारा कन्नडात, बसची पाटी कन्नडात, लाईटचं बिल कन्नडात. त्यात कुणी पैसे खर्चून, गोड आवाजात, मराठीत काही सांगितलं की आम्हाला वाटतं, कुणालातरी आपली आठवण झाली. मीही तिच्या शेजारीच उभा होतो. मी, छापील अक्षरावर जगणारा माणूस. मलाही तसंच वाटलं.

त्या योजनेच्याच नावाचं रिचार्ज आमच्याकडंही होतं. आक्का प्रत्येकीला सांगत सुटली, “घे, लेकीशी पोटभर बोल. फुकट हाय.”

वखारीतल्या एका मावशीची लेक कोल्हापूरच्या दवाखान्यात होती. सातवा महिना, डॉक्टरनी झोपूनच राहायला सांगितलेलं. मावशी दिवसभर तंबाखू चाळत, फोन कानाला पदरानं बांधून लेकीशी बोलत राहिली. स्वयंपाकाचं, सासूचं, शेजारणीच्या म्हशीचं. बोलणं फुकट नव्हतं. मिनिटामिनिटाला कापलं जात होतं, आणि सगळा बॅलन्स संपून फोन बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी फोन लावत राहिली, लागेना. फुकट म्हटल्यावर बॅलन्स संपला असेल हे तिच्या मनातही आलं नाही. त्याच सकाळी लेकीला त्रास सुरू झाला. जावई एकटाच धावपळ करत होता, त्याला उलटा फोन करायचं सुचलं नाही. संध्याकाळी कुणीतरी निरोप घेऊन आलं. बाळ गेलं होतं.

फोन लागला असता तरी बाळ वाचलं नसतं, हे मला कळतं. पण तासाभराच्या वाटेवर आई होती, आणि लेक एकटी होती.

मावशी भांडायला आली नाही. छत्रीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, “आक्का, तू बोललीस म्हणून मी बोलत बसले गं.” एवढंच बोलून गेली.

आक्का उठली आणि सरळ हॉटेलात गेली. जाहिरात लागेपर्यंत आम्ही टीव्हीला नाक लावून उभे. दूध उतू जात होतं तेव्हा खाली, पांढऱ्या फरशीवर पांढऱ्या बारीक अक्षरात एक ओळ सरकली: फक्त महाराष्ट्र व गोव्यासाठी. तिनं माझ्याकडून ती तीनदा वाचून घेतली. दरवेळी पुढची जाहिरात येईपर्यंत थांबून.

“म्हंजे मी खोटं बोलले.”

“कंपनी खोटं बोलली, आक्का.”

“कंपनी कुठं बसलीया हितं? हितं मी बसलीया.”

मग ती म्हणाली, एक पत्रक काढून दे. मजकूर तिनंच सांगितला. टीव्हीवरची योजना आपल्या शिमकार्डाला लागू न्हाय. मी चुकून सांगितलं. ज्यांनी घेतलं त्यांनी मला छत्रीवर येऊन भेटा. “एवढंच लिही. आन माज्या नावानं लिही. एकेकीला बोलवून समजावून सांगते. पंधरा-ईस दिवसांत समद्या हुतील.”

मी एवढंच लिहिलं नाही. मी पाठपोट लिहिलं. ‘सीमाभागावर भांडवलशाहीचा दरोडा!’ असा मथळा दिला. निर्ढावलेल्या हा शब्द दोनदा घातला. तिचे चार शब्द शेवटी, उरलेल्या जागेत, बारीक टायपात आले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहायला पाहिजे. टीव्हीवाल्यांनी जे केलं तेच मी केलं.

बायकांनी ते वाचलं नाही. त्यांना वाचता येत असतं तर त्या छत्रीवर कशाला आल्या असत्या? पत्रक वाचून घेतलं एकट्या साहेबानं. दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन आला आणि छत्री मिटायला लागला. आक्का म्हणाली, थोडे दिवस ठेवा, माझ्या बायकांना सांगायचं राहिलंय. तो तिच्याशी कन्नडात बोलायचा. चिडला नव्हता, उलट समजूत काढत होता. “छत्री बेडा, आक्का. टीव्ही इदे.” छत्री नको, टीव्ही आहे. जाताना त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, सगळ्या छत्र्या महिनाअखेर निघणारच होत्या, टीव्हीवर इतका खर्च केल्यावर माणसं कोण ठेवतंय? महिना संपायला तीन आठवडे होते. आक्कानं मागितलेले दिवस त्यातच होते. माझ्या पत्रकानं ते संपवले.

मग ती घरोघर फिरली. खोकत, वखारीच्या गल्लीत, एका दारातून दुसऱ्या. मीही दोन दिवस मागं होतो. प्रत्येक घरात टीव्ही चालू, आणि टीव्हीवर ते दूध उतू जातंय.

“आक्का, तू लागू न्हाय म्हणतीस, आन हे तर अजून दावत्यात की.”

“ते पल्याडच्यासाठी हाय, बाई.”

“मग मराठीत कशाला सांगत्यात?”

आक्का खोकत पुढच्या दाराकडं वळली. माझ्याकडं पाठपोट उत्तर होतं, पण ते कुणी विचारलं नाही. आठवड्यात गल्लीत नवीन गोष्ट पसरली. योजना खरीच आहे, टीव्ही खोटं बोलत नाही, आक्कानंच आमचं फुकटचं बोलणं मधल्या मधे खाल्लं, म्हणून तर कंपनीनं तिला हाकललं. आता बोला. मी कंपनीला तीन पत्रं लिहिली. ग्राहकसेवेला फोन लावला. तिथं यंत्र होतं, ते मला एक दाबा, दोन दाबा म्हणत राहिलं.

“मी एकदा सांगते, ते दिसातनं ईसदा सांगत्यात,” आक्का म्हणाली. “कुणाचं ऐकतील त्या?” यात तक्रार नव्हती. नुसता हिशोब लागल्यासारखं बोलली.

त्यानंतर ती गल्लीत दिसेनाशी झाली. भावाकडं बेळगावला गेली असं कळलं.

दोनेक वर्षांनी बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, उद्यमबागेत, फाउंड्री कामगारांची एक सभा होती. दुपारी जवळच्या खानावळीत जेवायला गेलो तर वाढायला आक्का. वाळली होती. मला ओळखलं, “बस रं” म्हणाली, भाकरी टाकली. पत्रकवाल्या म्हणाली नाही.

शेजारच्या टेबलावर एक नवीन कामगार बसला होता, गडहिंग्लजकडचा असावा, हाताला काळं लागलेलं. ठेकेदाराच्या माणसानं त्याच्यापुढं कन्नडात छापलेला कागद ठेवला होता आणि दारात उभा राहून घड्याळ बघत होता. त्या पोरानं कागद उलटा केला, सुलटा केला.

“आक्का, जरा बघता का? काय लिवलंय ह्यात? सही मागत्यात.”

आक्कानं आमटीचं भांडं खाली ठेवलं. कागदाकडं बघितलं. तिचे डोळे ओळीवरून डावीकडून उजवीकडं गेले, पुन्हा डावीकडं आले, दुसऱ्या ओळीवर थांबले. मी बघत होतो. ती वाचत होती.

“मला वाचाय येत न्हाय, बाबा,” ती म्हणाली आणि भांडं उचलून आत गेली.

मी हात धुवायलाही थांबलो नाही, तसाच उठून त्या कागदाकडं गेलो. तोवर त्यानं सही केली होती.